तापानंतरचे पुरळ

आपल्या मराठीत अंगावर उठणाऱ्या व्याधींना जितकी नावे आहेत, तितकी पोटातल्या व्याधींना नाहीत. घामोळे, पुरळ, गांधी, पित्त, इसब, नायटा, खरूज, नागीण, गोवर, कांजिण्या, देवी. गावातली कोणतीही आजीबाई ही नावे एका दमात सांगेल, आणि एक दुसऱ्यापासून वेगळे कसे ओळखावे हेही सांगेल. पोटात काय झाले हे मात्र तिलाही "पोटात दुखते" याच्यापलीकडे फारसे सांगता येणार नाही. याचे कारण उघड आहे. काळीज, यकृत, फुप्फुस ही आपापल्या कोठडीत बसून कामे करतात; त्यांचे दुखणे ज्याचे त्याला ठाऊक. कातडी मात्र चारचौघांत वावरते. तिच्यावर उठलेले आपल्याआधी शेजारणीला दिसते.

म्हणूनच त्वचेच्या रोगाला नेहमी दोन दुखणी असतात. एक खाज वा आग, आणि दुसरे लोकांची नजर. पहिल्यावर औषध मिळते. दुसऱ्याच्या भीतीने माणूस काय काय करतो, याविषयी पुढे लिहायचेच आहे.

२०२० साली कोविड-१९ ची साथ जगभर पसरली, तेव्हा तिची ओळख फुप्फुसाचा रोग अशीच करून देण्यात आली होती. ताप, कोरडा खोकला, धाप, पुढे वास आणि चव जाणे ही लक्षणे शाळकरी मुलांनाही पाठ झाली. अंगावर काही उठते, हे त्या यादीत सुरुवातीला नव्हते. ते पहिल्यांदा नेमकेपणाने टिपले गेले उत्तर इटलीतील लेक्को या गावी. कोमो सरोवराच्या काठचे हे गाव लोंबार्दी प्रांतात येते, आणि युरोपात साथीचा पहिला मोठा तडाखा याच प्रांताला बसला. तेथील रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांनाही कोविडच्या कक्षात कामाला जुंपले गेले होते. सवयीने त्यांची नजर रोग्याच्या कातडीकडे गेली. ८८ रोग्यांपैकी १८ जणांच्या अंगावर काही ना काही उठले होते. आठ जणांना रोगाच्या आरंभीच, दहा जणांना रुग्णालयात आल्यावर. चौदा जणांच्या अंगावर तांबूस पुरळ होते, तिघांना पित्त उठल्यासारख्या गांधी आल्या होत्या, आणि एकाला कांजिण्यांसारखे पाण्याचे फोड. बहुतेकांना ते छाती-पोट-पाठीवर होते, खाज थोडी किंवा मुळीच नाही, आणि थोड्याच दिवसांत सारे आपोआप मावळले. मार्च २०२० मध्ये त्यांनी हे एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्ररूपाने कळवले. पत्र जेमतेम दीड पानाचे असेल. पण त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांनी कोविडच्या रोग्याचा सदरा वर करून पाहण्यास सुरुवात केली.

या रुग्णालयाला आलेस्सांद्रो मान्झोनी या कादंबरीकाराचे नाव दिलेले आहे, हे वाचून मला सेमिनरीतील दिवस आठवले. मान्झोनीची 'वाग्दत्त वधूवर' या अर्थाच्या नावाची कादंबरी आमच्या ग्रंथालयात इंग्रजी भाषांतरात होती, आणि ती सुरू होते ती याच लेक्कोच्या परिसरात. १६३० सालच्या मिलानच्या प्लेगचे तिच्यात जे वर्णन आहे, ते वाचताना रात्री झोप येत नसे. त्यात दोन रोद्रिगो नावाचा एक मुजोर सरदार आहे. एके पहाटे त्याला स्वतःच्या अंगावर प्लेगची गाठ दिसते. त्याचा पहिला विचार बरे होण्याचा नसतो, तर हे कोणाला कळता कामा नये, हा असतो. पैसे घेऊन तोंड बंद ठेवणाऱ्या वैद्याला गुपचूप आणण्यासाठी तो आपल्या नोकराला पाठवतो. नोकर वैद्याऐवजी प्लेगचे रोगी उचलून नेणाऱ्यांनाच घेऊन येतो. चारशे वर्षांपूर्वीच्या काळातील ही हकीकत तेव्हा मला केवळ नाट्यमय वाटली होती.

असो. लेक्कोमागून स्पेनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी देशभरातून ३७५ रोग्यांची माहिती जमवली आणि त्या पुरळांचे पाच प्रकार पाडले. निम्म्याच्या जवळपास, म्हणजे शेकडा ४७ जणांना गोवरासारखे बारीक, किंचित वर आलेले तांबूस पुरळ होते. शेकडा १९ जणांना गांधी. आपल्याकडे ज्याला "अंगावर पित्त उठले" म्हणतात आणि ज्यावर आमची माणसे आमसुलाचे पाणी चोळतात, तेच हे. शेकडा ९ जणांना पाण्याचे लहान फोड. आणखी शेकडा १९ जणांची पायांची, क्वचित हातांची बोटे सुजून जांभळी पडली होती. बर्फाळ मुलखात कडाक्याच्या थंडीत बोटांचे असे होते; येथे थंडी नसताना झाले, आणि बहुधा तरुणांना व मुलांना, ज्यांचा आजार मुळात सौम्य होता त्यांना. आपल्या उष्ण देशात हा प्रकार फारसा दिसला नाही. पाचवा प्रकार सर्वांत थोडा, शेकडा ६, पण सर्वांत वाईट. कातडीखाली निळसर जाळीदार नक्षी उमटणे, किंवा एखादा भाग काळा पडून मरणे. बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठल्याची ती खूण होती. ती वयस्क आणि अत्यवस्थ रोग्यांत दिसली, आणि त्यांच्यापैकी दहांत एक दगावला.

एकाच विषाणूने इतकी निरनिराळी सोंगे कशी घ्यावीत? उत्तर असे, की बहुतेक वेळा ही विषाणूची करणी नसून आपल्याच शरीराच्या पहारेकऱ्यांची असते. विषाणू घशात आणि फुप्फुसात शिरला की रक्तातून हाकाटी होते, आणि सर्व शरीरभर संरक्षक पेशी जाग्या होतात. त्यांतील काही कातडीत बसलेल्या असतात. त्यांनी आपल्या पोतडीतील द्रव्ये सोडली, की तेथील बारीक रक्तवाहिन्या फुगतात, कातडी लाल होते, गांधी येतात. म्हणजे चोर माडीवर, आणि कुत्री भुंकतात अंगणात, असा हा प्रकार आहे. हे लक्षात घेतले म्हणजे अंगावरच्या पुरळाला हात लागला म्हणून कोविड होईल, ही समजूत किती निराधार होती हे कळते. रोग पसरत होता श्वासातून, आणि लोक दूर पळत होते ते डागांपासून.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातील मंडळींनी भ्रमणध्वनीवरून लोकांकडून रोजची लक्षणे नोंदवून घेण्याचा एक उपक्रम चालवला होता. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांची चाचणी होकारार्थी आली, त्यांच्यापैकी शेकडा ८.८ जणांनी पुरळाची तक्रार केली होती; ज्यांची नकारार्थी आली, त्यांच्यापैकी शेकडा ५.४ जणांनी. हा दुसरा आकडा विसरू नये. पुरळ उठायला कोविडच लागतो असे नाही. परंतु पुरळ उठलेल्या रोग्यांना वेगळे प्रश्न विचारले, तेव्हा शेकडा १७ जणांनी सांगितले की आजाराची पहिली खूण तीच होती. आणि शेकडा २१ जणांना तर तिच्याखेरीज दुसरे काही झालेच नव्हते. खोकला नाही, ताप नाही, नुसते अंगावर उठले आणि गेले.

आता कुकटपल्लीची हकीकत सांगतो. संबंधित कुटुंबाच्या अनुमतीनेच लिहीत आहे. नावे मात्र देत नाही.

कुकटपल्ली हे एके काळी हैदराबादच्या वायव्येस, मुंबईच्या हमरस्त्यावरचे खेडे होते. पुढे बालानगरचे कारखाने आले, गृहनिर्माण मंडळाची प्रचंड वसाहत उभी राहिली, तंत्रविद्येचे विद्यापीठ आले, २००७ मध्ये ते महानगरपालिकेत गेले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात डोक्यावरून मेट्रो धावू लागली. आता तेथे खेड्याची खूण शोधून सापडत नाही. मराठी माणसाला हैदराबाद तसे परके नाही. १९५६ पर्यंत आपला सारा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. परंतु कुकटपल्लीतील मराठी कुटुंबे त्या जुन्या पिढीतील नव्हेत. ती औषधांच्या कारखान्यांत आणि संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला आलेली, एकेका इमारतीत एकदोन अशी विखुरलेली आहेत. माझा मावसभाऊ त्यांपैकीच एक. गावची वाडी धाकट्या भावाकडे सोपवून तो तेथे गेला, आणि काका वारल्यावर मावशीलाही त्याने तिकडे नेले.

२०२१ च्या मे महिन्यात दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात मावशी आजारी पडली आणि महिनाअखेर गेली. तेलंगणात १२ मेपासून टाळेबंदी होती. मला जाता आले नाही. टाळेबंदी २० जूनला उठली, आणि त्याच आठवड्यात मी गाडीने हैदराबादला पोहोचलो. भाऊ स्थानकावर आला होता. वाटेत त्याने हलक्या आवाजात मला बजावले, "फादर, इमारतीत कोणी विचारलं तर आईला दमा होता म्हणून सांगा." मी काही बोललो नाही. एप्रिलमध्ये खालच्या मजल्यावर एका घरी चाचणी होकारार्थी आली, तेव्हा दूधवाल्याने त्या जिन्यालाच दूध टाकणे बंद केले होते, आणि त्या घरच्या कामवाल्या बाईला आणखी चार घरांनी जबाब दिला होता, हे त्याने पुढे सांगितले. मावशीची चाचणी झालीच नव्हती. कोणी विचारले नाही, यांनी सांगितले नाही.

त्यांचा मुलगा आठ वर्षांचा. मला "फादरकाका" म्हणतो. मावशी आजारी असताना त्यालाही दोन दिवस कसकस होती, तिकडे कोणाचे लक्षही गेले नव्हते. मी पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी पोटावर आणि मांड्यांवर पुरळ आले. आम्हा सर्वांना वाटले गोवर. शेजारच्या तेलुगू आजीबाईंनी दारातूनच पाहून "अम्मवारु" म्हटले आणि कडुलिंबाची डहाळी आणून दिली. आपण देवी म्हणतो, तसेच ते अम्मा म्हणतात. नाव ठेवण्यात दोन्ही भाषांचे मन एकच. जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे पावसाळ्याचे दिवस म्हणून डेंग्यूची तपासणी झाली, ती नकारार्थी आली, आणि अंगाला खाज सुटू नये अशा गोळ्या देऊन त्यांनी घरी पाठवले. पुरळ तर दोन दिवसांत फिकटही झाले. ताप मात्र हटेना. पोट दुखते म्हणून पोर वाकडे होऊन पडू लागले, दोन्ही डोळे लालबुंद झाले, पण त्यांत चिपडे नाहीत. ओठ सुकून तडकले, जीभ रायआवळ्याच्या चटणीसारखी लाल. पाचव्या दिवशी त्याचे हातपाय गार लागले, तेव्हा आम्ही त्याला मुलांच्या रुग्णालयात नेले.

तेथील डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मुलाचे डोळे पाहिले, ओठ पाहिले, तळहात दाबून पाहिला आणि हिंदीतून विचारले, "गेल्या दोन महिन्यांत घरात कोणाला कोविड झाला होता का?" भाऊ म्हणाला, "नाही." त्यांनी पुन्हा विचारले. तो म्हणाला, "आई वारली, पण तिला दमा होता." डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. तेवढ्यात माझी भावजय, जी त्या घरात कधी नवऱ्याच्या वर आवाज चढवून बोलली नाही, ती पुढे होऊन म्हणाली, "दमा नव्हता. आईंना आठ दिवस ताप होता, वास येत नव्हता, आणि शेवटी श्वास पुरत नव्हता. आम्हां तिघांनाही ताप येऊन गेला." भावाने मान खाली घातली. बाईंनी लिहिलेले खोडले आणि लगेच दूरध्वनी उचलला.

मुलाच्या रक्तात कोविडविरुद्धची प्रतिद्रव्ये भरपूर सापडली. म्हणजे रोग होऊन गेलेला होता. जे चालले होते ते त्यानंतरचे होते.

या दुखण्याचे नाव लांबलचक आहे. त्याचा अर्थ इतकाच, की मुलाच्या एकाहून अधिक अवयवांना एकाच वेळी दाह होतो. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी ते उद्भवते, आणि मूळचा आजार कित्येकदा इतका किरकोळ असतो की घरच्यांना त्याची आठवणही नसते. २०२० च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस इंग्लंडच्या डॉक्टरांनी त्याविषयी प्रथम इशारा दिला. मुंबईतही त्याच वर्षी चार मोठ्या रुग्णालयांतील २३ मुलांची माहिती प्रसिद्ध झाली होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले रक्तदाब खचलेल्या अवस्थेत दाखल झाली होती. पुरळ, लाल डोळे, तडकलेले ओठ, उतरत नसलेला ताप हे सारे पाहून डॉक्टरांना जपानच्या तोमिसाकू कावासाकी यांनी वर्णिलेल्या आजाराची आठवण झाली. कावासाकी हे साधे बालरोगतज्ज्ञ. १९६१ च्या जानेवारीत त्यांनी असे पहिले मूल पाहिले. ते कोणत्याच ठाऊक रोगात बसेना. लोकांनी त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही. ते मुकाट्याने रोगी टिपत राहिले आणि १९६७ मध्ये पन्नास मुलांची हकीकत त्यांनी छापली. या रोगात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होते, हे नंतर उमगले. २०२० च्या जून महिन्यात, सारे जग त्यांच्या आजाराच्या या नव्या भावंडाविषयी बोलत असताना, ते पंचाण्णव वर्षांचे होऊन निवर्तले.

औषध होते इम्युनोग्लोब्युलिन. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये एकत्र करून ते तयार करतात, आणि मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोस दोन ग्रॅम या मानाने शिरेतून देतात. पोर चोवीस किलोचे, म्हणजे पाच ग्रॅमच्या दहा बाटल्या. औषध फार महाग. मावशीच्या पाटल्या कपाटात होत्या, त्या त्या रात्री बाहेर निघाल्या. जोडीला स्टेरॉइड दिले, आणि रक्त गोठू नये म्हणून अॅस्पिरिनची बारीक मात्रा. हृदयाच्या तपासणीत ठोक्याचा जोर कमी पडला होता. दोन रात्री आम्ही तिघे बाहेरच्या बाकावर होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला, आणि दुपारी त्याने भात मागितला.

डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारले की घरातल्या आजाराविषयी कळले नसते तर काय झाले असते. त्या म्हणाल्या, "आम्ही विषमज्वर शोधला असता, अपेंडिक्स शोधले असते. उद्या-परवा येथेच पोहोचलो असतो. पण तेवढी सवड या मुलाला होती की नाही, हे मला सांगता येणार नाही."

त्या बाकावर बसून मी जपमाळ ओढीत होतो हे खरे, पण मन वारंवार लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायाकडे जात होते. सेमिनरीत असताना तो अध्याय आम्हाला फार कंटाळवाणा वाटे. अंगावर चट्टा उठला तर माणसाने याजकाकडे जावे. याजकाने तो नीट पाहावा. संशय असेल तर सात दिवस त्याला वेगळे ठेवून पुन्हा पाहावे, मग आणखी सात दिवस. आणि पसरला नसेल तर त्याला शुद्ध ठरवून घरी जाऊ द्यावे. आता वाचताना जाणवते, की त्या नियमांत घाई नाही, आणि अफवेला जागा नाही. पाहणाऱ्याने प्रत्यक्ष पाहायचे, मुदत ठरलेली, पुन्हा पाहायचे, आणि बरा झाला की परत घ्यायचे. ज्याला महारोग ठरवले जाई त्याचे हाल फार होत, ते मी नाकारीत नाही. पण आमच्या इमारतीतल्या दूधवाल्याने तर सात दिवसांची मुदतही दिली नव्हती.

आपल्या वाचकांच्या उपयोगाच्या एकदोन गोष्टी येथे सांगणे मला आवश्यक वाटते. पहिली आपल्या वर्णाविषयी. वैद्यकीय ग्रंथांत "लाल पुरळ" म्हणून जी छायाचित्रे असतात ती गोऱ्या कातडीची. कोविडच्या पुरळांविषयी २०२० मध्ये छापलेली १३० छायाचित्रे अमेरिकेतील काही डॉक्टरांनी मोजून पाहिली. कातडीच्या वर्णाचे सहा वर्ग करतात, त्यांतील सर्वांत गडद अशा दोन वर्गांचे त्यांत एकही चित्र नव्हते. आपल्या सावळ्या अंगावर तांबडेपणा तांबडा दिसत नाही. तो तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळसर दिसतो, किंवा दिसतच नाही. म्हणून हात फिरवून पाहावे. कातडी खरखरीत लागते का, गरम लागते का. पोटावर, काखेजवळ, तळहात-तळपायांवर, ओठांच्या आत आणि डोळ्यांत पाहावे. दिव्याच्या पिवळ्या उजेडात न पाहता दारात, दिवसाच्या उजेडात पाहावे.

दुसरी गोष्ट काचेच्या पेल्याची. पुरळावर पेल्याची कड दाबून धरावी. काचेखाली डाग फिका पडला तर ती फुगलेली रक्तवाहिनी. काचेखालीही तो तसाच लालजांभळा राहिला, तर रक्त वाहिनीबाहेर झिरपलेले आहे. डेंग्यूत प्लेटलेट घटल्या म्हणजे असे बारीक ठिपके येतात. थायलंडमध्ये २०२० च्या आरंभी एका रोग्याला असेच ठिपके आले, म्हणून त्याला डेंग्यू ठरवले गेले, आणि निघाला कोविड. उलटही होऊ शकते. आपल्याकडे पाऊस पडला की दोन्ही संशय जवळजवळच उभे असतात. पेल्याने रोगाचे नाव कळत नाही. दवाखान्यात आज जायचे की उद्या चालेल, इतके कळते. न मावळणारे ठिपके आणि अंगात ताप असेल, तर उद्या नाही.

बाकीच्या बऱ्याच गोष्टी घाबरण्यासारख्या नव्हत्या, तरी लोक त्यांनाच जास्त घाबरले. आजारातून उठल्यावर दोनतीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात यायचे. माझ्या भावजयीलाही सप्टेंबरात तसे झाले. कोणत्याही मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतरही असे होते. शरीर संकटात सापडले की केसांची वाढ थांबवते, थांबलेले केस तीन महिन्यांनी गळतात आणि नवे येतात. औषधांनीही अंगावर उठते. त्या काळात एकेका रोग्याला पाचपाच सहासहा औषधे चालू असत, आणि गांधी रोगाच्या की गोळ्यांच्या हे ठरवताना जाणत्या डॉक्टरांचीही तारांबळ उडे. आणि रोग न झालेल्यांच्या कातडीचे काय? चीनच्या हुबेई प्रांतातील रुग्णालयांत काम करणाऱ्या ५४२ जणांची २०२० मध्ये विचारपूस झाली, तेव्हा शेकडा ९७ जणांची कातडी मुखपट्टी, चष्मे, हातमोजे आणि वारंवार हात धुणे यांनी दुखावलेली होती. सर्वांत अधिक नाकाचा दांडा. आमच्या रुग्णालयातील परिचारिकांच्या नाकावर मी तो वळ पाहिला आहे. बैलाच्या मानेवर जुवाचा घट्टा पडतो, तसा.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू गेलेला नाही. २०२२ पासून जे नवे उपप्रकार आले त्यांच्यात, आणि बहुतेकांच्या अंगी थोडीफार प्रतिकारशक्ती आल्यामुळे, मुलांचे हे नंतरचे दुखणे फार विरळ झाले आहे. तरी तो एक प्रश्न, घरात गेल्या दोन महिन्यांत कोणाला काय झाले होते, अनेक रोगांत विचारला जातो. क्षयात विचारतात, काविळीत विचारतात, गोवरातही विचारतात.

रुग्णालयातून परतलो तेव्हा जिन्यात चार दारे किलकिली झाली. भाऊ पुढे होता, पोर त्याच्या खांद्यावर. भावजय मागे. तिने पहिल्या मजल्यावरच थांबून खालच्या घरातील बाईंना, ज्यांचे दूध बंद झाले होते त्यांना, सारे सांगितले. आपल्याकडे काय झाले होते, सासूबाई कशाने गेल्या, आणि मुलाला काय झाले. त्या बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "मुलाला काय खायला चालतं?"

पुढच्या पंधरवड्यात मुलाच्या बोटांच्या टोकांची कातडी सुटू लागली. या आजारात तसे होते. खालून नवी कातडी आलेली असते. त्याला त्याची मोठी गंमत वाटे, आणि आई पाहत नसेल तेव्हा तो पापुद्रे सोलून खिडकीच्या चौकटीवर ओळीने मांडून ठेवी. सहा महिन्यांनी हृदयाची पुन्हा तपासणी झाली. ठोका पूर्ववत आणि रक्तवाहिन्या ठीक निघाल्या. अॅस्पिरिन त्याआधीच बंद झाली होती.